अपग्रेडनंतर आवाज गेला: मदरबोर्ड बदलण्याआधी मधला ड्रायव्हर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून तो विंडोज ११ (२४एच२) वर नेला. अपडेटमधून ते येतच नव्हतं, म्हणून आयएसओ फाइल (विंडोजच्या इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) उतरवून सेटअप चालवलं. सेटअपने 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'चं नाव घेऊन अडवलं, तेव्हा एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर उडवला आणि सेटअप पुढे सरकलं. आता स्पीकर गप्प आणि आतला माइकही गायब. साउंड चिप बनवणाऱ्या रियलटेकचा ड्रायव्हर दोनदा टाकून काही फरक नाही. शिवाय तबल्याच्या रेकॉर्डिंगसाठी वापरात असलेला २०१२ च्या सुमाराचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) 'कोड ३९' दाखवतो. दुकानदाराचं निदान: साउंडची चिप गेली, मदरबोर्ड बदला.

मदरबोर्डवर एक रुपयाही घालवू नका, निदान इतक्यात तरी. आदल्या दिवशीपर्यंत वाजणारी चिप नेमकी अपग्रेडच्याच तासाला जळाली, हा योगायोग फार क्वचित घडतो. तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. 'अपडेट येत नव्हतं', 'सेटअपने अडवलं' आणि 'ड्रायव्हर उडवला' या तिन्ही गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत.

अपडेट येत नव्हतं ते विंडोजच्या आळसामुळे नव्हे. एखाद्या ठरावीक ड्रायव्हरमुळे मशीन बिघडतं हे लक्षात आलं की मायक्रोसॉफ्ट तशा मशीनना नवी आवृत्ती देणं थांबवून ठेवतं. अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसोबत स्मार्ट साउंडचा १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ या आवृत्तीचा ड्रायव्हर असेल तर विंडोज ११ वर निळा पडदा येऊन मशीन बंद पडतं, म्हणून अशा मशीनना रोखलं होतं. दुरुस्त आवृत्त्या १०.२९.००.५७१४ आणि १०.३०.००.५७१४ किंवा त्यापुढच्या. इथे एक मेख आहे: १०.३० म्हणजे १०.२९ पेक्षा नवा, असं नाही. या दोन वेगवेगळ्या शाखा आहेत, तुलना शेवटच्या आकड्याची करायची. ५१५२ दिसला तर धोका, ५७१४ किंवा त्याहून मोठा दिसला तर ठीक. आयएसओवरून सेटअप चालवलं की ही रोख सहज ओलांडता येते, आणि ड्रायव्हर काढून टाकला की सेटअपची तक्रारही मिटते. पण त्या जागी दुसरा, चांगला ड्रायव्हर कोणी बसवला? कोणीच नाही. अडचण तिथे आहे.

आता रियलटेकचा ड्रायव्हर दोनदा टाकूनही फरक का पडला नाही ते बघू. जुन्या मशीनमध्ये रचना साधी होती: इंटेलचा एचडी ऑडिओ कंट्रोलर आणि त्याला जोडलेला रियलटेकचा कोडेक, म्हणजे डिजिटल आवाज स्पीकरच्या सिग्नलमध्ये बदलणारी चिप. कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच असायचा, त्यामुळे कोडेकचा टाकला की काम भागायचं. नव्या लॅपटॉपमध्ये या दोघांच्या मध्ये इंटेलचा ध्वनी-प्रोसेसर आला. तो माइकचा गोंगाट गाळतो, 'हे अमुक' अशी हाक ऐकतो, बॅटरी वाचवतो. पण त्यामुळे कोडेक आता स्मार्ट साउंडच्या 'बस'वर, म्हणजे जोडणीच्या वाहिनीवर, लटकलेला असतो. बसचा ड्रायव्हरच नसेल तर विंडोजला पलीकडचा रियलटेक दिसतच नाही. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बेसिनचा नळ दोनदा बदलण्यासारखं झालंय हे. इन्स्टॉलर 'यशस्वी' म्हणतो, कारण फाइली कॉपी झालेल्या असतात. पण ज्या उपकरणाला त्या लागायच्या, ते यादीतच नसतं.

पडताळून बघा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूतून 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडा. नेहमीच्या मांडणीत कोण कोणाला जोडलेलं आहे ते कळत नाही, या मांडणीत कळतं. पीसीआयच्या खाली पिवळ्या खुणेचा 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' दिसला तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डीटेल्स टॅबवर जाऊन 'हार्डवेअर आयडीज' वाचा. 'व्हेन' नंतर ८०८६ असेल तर उपकरण इंटेलचं. अकराव्या पिढीच्या पातळ लॅपटॉपात 'डेव्ह' नंतर बहुधा ए०सी८ असतं. शेवटी 'सीसी' नंतर ०४०१ असेल तर ध्वनी-प्रोसेसर चालू आहे आणि त्याला स्मार्ट साउंडचाच ड्रायव्हर हवाय. इंटेलची बाजू इतकं बोलतेय म्हणजे निदान ती तरी जिवंत आहे.

तरी मनात शंका असेल तर दोन चाचण्या आहेत. काही कंपन्यांच्या लॅपटॉपात बूट होण्याआधीच्या निदान-मेनूत स्पीकरची चाचणी असते. डेलमध्ये तो एफ१२ ने मिळतो, एचपीत एफ२ ने. तिथे आवाज आला तर विषय संपला, कारण तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं. दुसरी चाचणी म्हणजे उबुंटू या लिनक्स सिस्टिमचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून, काहीही इन्स्टॉल न करता, मशीन चालवायचं. तिथे वाजलं तर हार्डवेअर नक्की शाबूत. मात्र तिथे वाजलं नाही म्हणून हार्डवेअर मेलं असा अर्थ काढू नका, लिनक्सलाही या ध्वनी-प्रोसेसरसाठी वेगळं फर्मवेअर लागतं आणि प्रत्येक मॉडेल सारखं चालत नाही. पेनड्राइव्हसाठी बायॉसमध्ये काही बदलण्याआधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलुपाची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. आवाज शोधायला गेलो आणि डिस्कच कुलूपबंद झाली, असं होऊ शकतं.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून, आणि सिस्टिम विंडोज ११ निवडून. चिप रियलटेकची असली तरी स्पीकर कोणत्या पिनला, अ‍ॅम्प्लिफायर कोणता, माइक किती, हे लॅपटॉपवाल्याने ठरवलेलं असतं आणि ती माहिती त्याच्या ड्रायव्हरमध्ये भरलेली असते. म्हणून रियलटेकचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसला तरी कधी फक्त हेडफोन वाजतो, कधी आवाज निम्मा येतो. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा' म्हणणाऱ्या साइट आणि सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊच नका. त्यातले बरेच आधी नावाने जुळवतात, मग पैसे मागतात.

आता आधीचे दोन प्रयत्न साफ करा. यादीत रियलटेकचं काही दिसत असेल तर अनइन्स्टॉल करताना 'अटेम्प्ट टु रिमूव्ह द ड्रायव्हर फॉर धिस डिव्हाइस' या चौकोनात खूण करा. ही खूण बहुतेकजण विसरतात. ती नसली तर उपकरण यादीतून जातं, पण ड्रायव्हर विंडोजच्या कोठारात, ड्रायव्हर स्टोअरमध्ये, तसाच राहतो आणि रीस्टार्टनंतर तोच परत चिकटतो. दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज तारखेने नवा असलेला उचलतं. त्यामुळे तुमच्या मॉडेलचा योग्य पण जुन्या तारखेचा ड्रायव्हर हरतो आणि चुकीचा पण नवा जिंकतो. 'मी टाकला, पण परत तेच' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

मग नेट बंद करा, म्हणजे विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा काही घुसवणार नाही. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर, रीस्टार्ट. मग इंटेल स्मार्ट साउंडचा. काही कंपन्या तो ऑडिओच्याच पॅकेजमध्ये देतात, काही वेगळा देतात, म्हणून डाउनलोडचं वर्णन नीट वाचा. आवृत्ती बघा, शेवटी ५७१४ किंवा त्याहून मोठा आकडा हवा. रीस्टार्ट. आता कनेक्शनच्या मांडणीत 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' जाऊन त्या जागी स्मार्ट साउंडची बस आणि तिच्याखाली तीन-चार नवी नावं दिसायला हवीत. ती दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. दिसली की रियलटेक, आणि परत रीस्टार्ट. शेवटी नेट चालू करून विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' उघडा आणि ड्रायव्हर अपडेट्सखाली इंटेल किंवा रियलटेकचं काही थांबलंय का बघा. कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर मिळत नसेल तर हीच यादी आधी बघायची, पुष्कळदा योग्य ड्रायव्हर तिथे निमूट पडून असतो.

रियलटेकच्या बाबतीत आणखी एक खोच. त्यांचे ड्रायव्हर दोन घराण्यांचे असतात: जुने एचडीए, ज्यांच्यासोबत कंट्रोल पॅनेलवाला मॅनेजर यायचा, आणि नवे यूएडी, ज्यांचं 'रियलटेक ऑडिओ कन्सोल' मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून वेगळं येतं. एकावर दुसरा टाकला की आवाज येतो पण कन्सोल उघडत नाही, 'कॅनॉट कनेक्ट टू आरपीसी सर्व्हिस' असं म्हणतं. त्यावर कन्सोल पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. जुनं घराणं ड्रायव्हर स्टोअरमधून पूर्ण काढा, मग नवं बसवा.

स्मार्ट साउंडचा योग्य ड्रायव्हर कुठेच मिळाला नाही तर एक पळवाट आहे. त्या पिवळ्या खुणेच्या कंट्रोलरवर 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. यादीत 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' असेल तर तो निवडा. यात ध्वनी-प्रोसेसर बाजूला ठेवून विंडोज थेट कोडेकशी बोलतं. स्पीकर आणि हेडफोन बहुतेक वेळा चालू होतात. आतला माइक मात्र येणार नाही, कारण तो कोडेकला नव्हे तर त्या ध्वनी-प्रोसेसरलाच जोडलेला असतो. काही लॅपटॉपात कोडेक एचडी ऑडिओऐवजी साउंडवायर या दुसऱ्या जोडणीवर असतो, तिथे ही युक्ती चालतच नाही. तोवर काम अडलं असेल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काही शे रुपयांत यूएसबी साउंड अ‍ॅडॉप्टर मिळतो. आत बहुधा सी-मीडियाची चिप असते आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ऑनलाइन मीटिंगला पुरेसा आहे, रेकॉर्डिंगला नाही.

अपग्रेड होऊन दहा दिवस उलटले नसतील तर आणखी दोन दारं उघडी आहेत. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' करून विंडोज १० वर परतता येतं, तिथे ड्रायव्हर ५७१४ च्या पुढे नेऊन मग पुन्हा वर येता येतं. माझ्या मते हा सर्वांत स्वच्छ मार्ग, वेळ थोडा जास्त जातो इतकंच. घाई नसेल तर ग्राहकांसाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिच्यात नाव घालून तिथेच थांबलात तरी चालेल. दुसरं दार म्हणजे सी ड्राइव्हवरचं 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर. त्यात जुन्या सिस्टिमचं ड्रायव्हरचं कोठार जसंच्या तसं असतं: विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर स्टोअर, फाइल रिपॉझिटरी. 'ब्राउझ माय कॉम्प्युटर'मध्ये हा पत्ता देऊन 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर खूण केली की विंडोज स्वतः शोधून बसवतं. कंपनीने साइटवरून काढून टाकलेला जुना ड्रायव्हरही असा परत मिळतो. फक्त स्मार्ट साउंडचा ५१५२ मात्र तिथून उचलू नका, ज्याच्यामुळे रोख लागली होती तोच परत येईल. दहा दिवसांनी हे फोल्डर आपोआप साफ होतं, म्हणून आजच त्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

आता यूएसबी इंटरफेसकडे. याचा लॅपटॉपच्या आवाजाशी काही संबंध नाही, दोन दुखणी एकाच वेळी उठली एवढंच. डिव्हाइस मॅनेजरमधला कोड इथे कामाला येतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची पडताळणी झाली नाही. ३९ म्हणजे ड्रायव्हर मेमरीत चढलाच नाही: फाइल बिघडलीय, किंवा विंडोजने चढू दिली नाही. २०१२ च्या ड्रायव्हरबाबत दुसरी शक्यता जास्त. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, येणाऱ्या ड्रायव्हरला कडक नियम लागतात. मुख्य नियम असा की मेमरीचा एकच तुकडा लिहिण्यासाठीही आणि चालवण्यासाठीही खुला ठेवायचा नाही. त्या काळी सर्रास तसं लिहिलं जायचं, म्हणून जुने ऑडिओ ड्रायव्हर इथे अडकतात. 'कोड ५२'चं कारण वेगळं: विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असलेल्या नव्या इन्स्टॉलेशनवर कर्नल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टची सही लागते. २९ जुलै २०१५ च्या आधी दिलेल्या प्रमाणपत्राने सही केलेल्या ड्रायव्हरना सूट आहे, म्हणून कधीकधी २०१२ चा ड्रायव्हर बसतो आणि २०१७ चा अडतो. गंमतच आहे, पण नियमाला धरून आहे.

मेमरी इंटिग्रिटी बंद केली की बहुधा इंटरफेस चालू होईल. बहुतेक व्हिडिओ हेच सांगतात. माझं मत: निदानापुरती बंद करून बघा, कारण कळलं की परत चालू करा. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर एका जुन्या डब्यासाठी कर्नलचं दार कायम उघडं ठेवणं मला पटत नाही. फक्त रेकॉर्डिंगसाठी वेगळं ठेवलेलं आणि नेटला न जोडलेलं मशीन असेल तर गोष्ट निराळी.

त्याआधी एक सोपा प्रयोग करा. कंपनीचा ड्रायव्हर पूर्ण काढा, केबल काढून पुन्हा थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हबला नाही. इंटरफेस 'क्लास कम्प्लायंट' असेल, म्हणजे यूएसबी ऑडिओचा ठरलेला नियम पाळत असेल, तर विंडोज स्वतःचा ड्रायव्हर लावेल आणि कंपनीच्या ड्रायव्हरची गरजच उरणार नाही. यूएसबी ऑडिओ क्लास १ चा ड्रायव्हर विंडोजमध्ये पूर्वापार आहे, क्लास २ चा विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आला. आयपॅडवर चालतो असं खोक्यावर छापलेलं असेल तर तो बहुधा क्लास कम्प्लायंट. काही इंटरफेसना मागे किंवा खाली एक छोटं बटण असतं, ते दाबूनच हा मोड मिळतो. म्हणून मॅन्युअल चाळा. यात एसिओ, म्हणजे आवाज कमीत कमी उशिरात पोचवणारा कंपनीच्या ड्रायव्हरमधला मार्ग, जातो. तबल्याला दोन माइक लावून थेट ऐकत वाजवत असाल तर उशीर जाणवेल. एसिओफॉरऑल हा त्याचा सर्वसाधारण पर्याय घातला तर तो थोडा कमी होतो, मिलिसेकंदांवर जीव असेल तर समाधान होणार नाही. पण इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चा खटका असेल तर माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनला येतो, आणि एकट्याच्या रेकॉर्डिंगला तेवढं पुरतं.

क्लास कम्प्लायंट नसेल आणि कंपनीने विंडोज ११ साठी काही दिलं नसेल, तर त्या इंटरफेसचं आयुष्य या मशीनपुरतं संपलं समजा. तो मोडीत काढू नका, लिनक्सवर असे पुष्कळ जुने डबे उत्तम चालतात. पुढचा घेताना किमतीआधी एकच गोष्ट विचारा: ड्रायव्हरशिवाय चालतो का? ज्याचा आवाज निव्वळ त्याच्या कंपनीच्या ड्रायव्हरवर टिकून आहे, त्याचं वय ती कंपनी ठरवते. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा डायरेक्टसाउंड या विंडोजच्या ध्वनी-यंत्रणेचं हार्डवेअर प्रवेगच (साउंड कार्डाकडून काम करून घेणं) काढून टाकलं गेलं आणि साउंड ब्लास्टरचे महागडे ऑडिजी आणि एक्स-फाय कार्ड एका रात्रीत अर्धे मुके झाले. हे फक्त विंडोजचं दुखणं नाही. मॅकओएस टाहोमध्ये फायरवायर ही जुनी जोडणी गेली आणि स्टुडिओंतले चांगले चालते इंटरफेस बाहेर पडले.

सगळं बसल्यावर आणि आवाज आल्यावर पाच मिनिटं काढून एक काम करा. विंडोजसोबत येणारी पीएनपीयूटिल ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवून तिच्या 'एक्सपोर्ट ड्रायव्हर' पर्यायाने सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढा आणि ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. पुढच्या मोठ्या अपडेटला तेच कामाला येईल.

आवाज आला पण खरखरतोय किंवा मध्येच तुटतोय, तर सेटिंग्ज, साउंड, तुमचा स्पीकर, तिथे 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करून बघा. ध्वनी सुधारणारे हे जोडपदर ड्रायव्हरपासून वेगळे असतात आणि अपग्रेडनंतर तेच जुने राहून जातात. आणि माइक यादीत दिसतो पण आवाज घेत नाही असं असेल तर प्रायव्हसीमधली मायक्रोफोनची परवानगी तपासा, डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी ती वेगळी असते.

एवढं करूनही अडलं तर चार गोष्टी लिहा: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, ऑडिओ कंट्रोलरची हार्डवेअर आयडी, स्मार्ट साउंडच्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि इंटरफेसचं नाव. 'आवाज येत नाही' यावरून कोणालाच काही सांगता येत नाही, हार्डवेअर आयडीवरून बरंच सांगता येतं.